विषय: पालकांना वर्गात बोलावणारी प्राथमिक शाळा – मुलीला तेथे घालावे का?

प्रेषक: पहिलीत जाणाऱ्या मुलीची आई

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी येत्या सत्रात पहिलीत जाईल. पाहिलेल्या शाळांपैकी एक शाळा मनात भरली आहे, परंतु निर्णय होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तेथे पाठ्यपुस्तके जवळजवळ नाहीत. मुले तराजू, मोजपट्ट्या, माती, लाकूड, कापड घेऊन काम करतात, प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी शिक्षिकेने लिहिलेल्या सविस्तर नोंदी असतात, आणि प्रत्येक कुटुंबाने दर आठवड्याला काही तास वर्गात येऊन मदत करावी, ही प्रवेशाची अटच आहे.

माझ्या शंका अशा आहेत. वाचन आणि गणित पक्के होईल का? पालक वर्गात नेमके काय करतात, की केवळ रंगांच्या वाट्या विसळतात? आम्ही दोघेही नोकरी करतो, तेव्हा ही अट निभावणार कशी? माझ्या सासूबाईंचा प्रश्न याहून सरळ आहे: मूल दिवसभर हातांनी काहीबाही करत बसले, तर ते शिकणार कधी? ज्यांची मुले अशा शाळांतून गेली आहेत त्यांनी कृपया आपला अनुभव कळवावा.

आपली नम्र,
एक सभासद

—

प्रेषक: नव्या पालकांचे प्रशिक्षण घेणारी एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

आमची दोन्ही मुले अशाच शाळेत शिकली आणि नव्या पालकांना तयार करण्याचे काम अजूनही माझ्याकडे असते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते. सुरुवात सासूबाईंच्या प्रश्नापासून करते, कारण तुम्ही विचारलेल्या सगळ्यांत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या आश्रयाने एक प्रयोगशाळा म्हणून प्राथमिक शाळा सुरू केली. १८९९ मध्ये पालकांसमोर व्याख्याने देताना त्यांनी तिथल्या वर्गातला एक प्रसंग सांगितला होता. मुलांना बोंडातला कापूस हाताने सरकीपासून सोडवायला दिला होता, आणि अर्धा तास खपूनही एक औंसभर, म्हणजे २८ ग्रॅमसुद्धा, कापूस निघाला नाही. पूर्वीचे लोक सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का वापरत आणि सरकी काढणाऱ्या यंत्राने पुढे एवढी उलथापालथ का झाली, हे मुलांना त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागले नाही. मात्र यात सरकी काढणे हा धडा नव्हता, हे विसरून चालणार नाही. त्या अर्ध्या तासानंतर ‘मग पूर्वीची माणसे काय करत असतील?’ या प्रश्नाकडे मुलांना नेणारे मोठे माणूस तेथे होते. ते नसते तर मुलांची बोटे तेवढी दुखली असती. तेव्हा सासूबाईंना सांगा की हात कामात असताना मूल शिकते, पण ते आपोआप शिकत नाही.

आता गणिताविषयी. दुसरीच्या मुलाला ४२ मधून १७ वजा करायला दिले की बरीच मुले ३५ लिहितात, कारण ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मोकळी होतात: सातातून दोन, चारातून एक. अशा मुलीपुढे आम्ही काड्या ठेवतो, रबर लावलेले दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. सतरा काड्या मला दे, असे सांगितले की ती एक गठ्ठा बिनतक्रार उचलून देते, सुट्या दोन देते आणि मग थांबते. नजर गठ्ठ्यांवरून फिरते, एक काडी ओढून पाहिली जाते, रबर सटकते आणि दहाच्या दहा काड्या टेबलावर पसरतात. तिला आणखी पाच द्यायच्या असतात, त्या ती मोजून देते, आणि समोर दोन गठ्ठे व पाच काड्या उरतात. मग ती आपल्याच वहीतल्या पस्तिसाकडे बघते. पुढच्या दिवसांत तेच गठ्ठे ती चित्रात काढते आणि त्यानंतर केवळ अंक वापरते. कृतीकडून चित्राकडे आणि चित्राकडून चिन्हाकडे हा क्रम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडला, आणि चांगल्या शाळा तो काटेकोरपणे पाळतात.

या सगळ्या वेळात त्या टेबलाशी बसलेल्या पालकाच्या ओठांवर ‘अगं, दशकाकडून उसना घे!’ हे वाक्य आलेले असते. ते गिळता येणे हाच आमच्या प्रशिक्षणाचा गाभा आहे. पालकाने फार तर एवढेच विचारायचे, ‘बाकीच्या सुट्या कुठून आणशील?’, आणि गप्प बसायचे. इंजिनिअर, डॉक्टर, व्यवस्थापक अशा पदांवरच्या माणसांना हे जड जाते. आयांपेक्षा बाबांना अधिक जड जाते असे माझे निरीक्षण आहे, पण त्यावर या पत्रव्यवहारात वाद नको.

म्हणजे पालकांचे काम वाट्या विसळण्यापुरते नसते, अर्थात त्याही विसळाव्या लागतात. एकेका मुलाला शेजारी बसवून त्याचे वाचन ऐकायचे आणि ते कोणत्या शब्दाशी अडले हे टिपून ठेवायचे. चार-पाच मुलांच्या गटाबरोबर बसायचे. आणि नोंदवहीत मूल काय बोलले व काय केले एवढेच लिहायचे, ‘हुशार’, ‘हट्टी’, ‘आळशी’ असे शिक्के मारायचे नाहीत. सर्वांगीण विकास म्हणतात तो प्रत्यक्षात या नोंदींमध्ये दिसतो. पुठ्ठ्याचा पूल तिसऱ्यांदा कोसळल्यावर मुलाने तो लाथाडला की दुसऱ्याच्या पुलाचे पाय पाहून आला, याची नोंद वजनाच्या आणि लांबीच्या नोंदीशेजारीच होते. आमच्या शाळेत पालकाला आपल्या मुलाच्या गटात सहसा बसवत नाहीत, आणि वर्गात पाहिलेले बाहेर बोलायचे नाही हा नियम सर्वांत कडक आहे. आपल्या मंडळासारख्या ठिकाणी, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाची मुले ठाऊक असतात, तिथे हा नियम पाळणे किती कठीण आहे हे मी सांगायला नको.

पालकांनी शाळेत येणे हा आजचा शौक नव्हे, हेही लिहून ठेवते. इटलीतील रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यात दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ मध्ये, जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांत पालकांनी स्वतः बालशाळा उभारायला घेतली. पुढे लॉरिस मालागुत्सी या शिक्षकाने तेथील शिक्षणाला आकार दिला, तरी पहिल्या विटा पालकांच्याच हातच्या होत्या. आपल्याकडे त्याच वर्षी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डीला काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने हेच साहित्य केले. आपल्या अंगणात चाललेले शिक्षण आईबापांना न बघता येणे अशक्यच होते. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या सोबतीने गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाल्या.

कळावे,
आपली नम्र

—

प्रेषक: निवृत्त गणित शिक्षक

सर्वांस नमस्कार.

ताईंचे पत्र मनापासून आवडले, काड्यांचा प्रसंग तर मी माझ्या वर्गात अनेकदा पाहिला आहे. तरीही नव्या पालकांपुढे दुसरी बाजू यायला हवी.

पहिले असे की हातात वस्तू दिली की समज आली, हे खरे नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मॅकनील या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत चौथी ते सहावीच्या मुलांना पैशांची शाब्दिक उदाहरणे दिली होती. हुबेहूब खऱ्यासारख्या नोटा आणि नाणी ज्यांच्या हातात होती, त्या मुलांच्या चुका अधिक झाल्या. साध्या, बिनचित्रांच्या नोटा वापरणाऱ्यांच्या कमी झाल्या. साधन जितके देखणे, तितके मुलाचे लक्ष त्यातल्या गणितावरून साधनावरच खिळते. म्हणून काड्या चांगल्या, आणि मोजणीसाठी देतात त्या रंगीत प्लॅस्टिकच्या अस्वलांविषयी मला नेहमीच शंका वाटत आली आहे. अर्थात त्याच प्रयोगांत असेही दिसले की खऱ्यासारख्या नोटा वापरणाऱ्यांच्या चुका मूळ कल्पनेच्या कमी आणि हिशेबातल्या जास्त होत्या, तेव्हा तराजू एकाच बाजूला झुकलेला नाही.

दुसरे, मुलांना मोकळे सोडावे आणि त्यांनी स्वतःच शोधून काढावे, या कल्पनेवर किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कडक टीका केली. नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी फार थोडे मावते, त्यामुळे त्याला पायरीपायरीने दाखवून दिले नाही तर शोधण्यातच त्याची शक्ती संपते, असा त्यांचा मुद्दा आहे. वाचनाच्या बाबतीत तर मी तडजोड करणार नाही: कोणत्या अक्षराचा कोणता ध्वनी, हे मुलांना पद्धतशीर, रोज आणि उघडपणे शिकवावेच लागते. पाढ्यांचेही तेच. गठ्ठा सोडणे एकदा समजले की नंतर शंभर उदाहरणे सोडवावीच लागतात, आणि त्या कंटाळवाण्या शंभरांना पर्याय नाही.

तिसरी गोष्ट जरा अप्रिय आहे. दर आठवड्याला कामाच्या वेळेत शाळेत येण्याची अट ज्यांना परवडते त्यांचीच मुले तेथे येतात. तासावर पगार असलेली आई कशी येणार? मग अशा शाळेची कीर्ती पद्धतीमुळे किती आणि निवडक कुटुंबांमुळे किती, हे वेगळे काढणे अवघड होते.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

—

प्रेषक: नव्या पालकांचे प्रशिक्षण घेणारी एक आई

काका, नमस्कार.

तुमचे पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत आणि ते या पद्धतीच्या विरुद्ध आहेत असे मला वाटत नाही. जिथे मुले माती कालवत बसतात आणि शिक्षिका कौतुकाने पाहत राहते, ती वाईट शाळा. तिला प्रयोगशील म्हणण्याचे कारण नाही. आमच्याकडे सकाळी अक्षर-ध्वनींचा तास रोज ठरलेला असतो, तो शिक्षिकाच घेते आणि त्यात पालकांना बोलायची मुभा नाही. सरावासाठीही वेगळी वही असते. ही शिस्त प्रत्येक शाळेत असते असे नाही, म्हणून ताईंनी ती स्वतः पाहून यावी.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे सबळ उत्तर नाही. काही शाळा घरून करता येण्याजोगी कामे देतात, जसे साहित्य कापून ठेवणे, नोंदी टंकित करणे, संध्याकाळी कपाटे दुरुस्त करणे. काही ठिकाणी आजी-आजोबांचे तास कुटुंबाच्या खात्यात धरतात. ताईंच्या सासूबाई येथेच राहत असतील आणि शाळेने आवश्यक ती पडताळणी करून परवानगी दिली, तर त्यांनीच जावे असे मी सुचवेन. एखाद्या सकाळी त्या गटाजवळ बसल्या की त्यांच्या शंकेचे उत्तर त्यांना माझ्या पत्रापेक्षा चांगले मिळेल. तरीही ज्या कुटुंबात असे कोणीच नाही, त्यांच्यावर ही अट अन्याय करते, हे खरेच आहे.

नोकरी करणाऱ्या पालकांची एक समजूत असते की वर्गात जाता येत नसेल तर घरी गृहपाठाला बसून भरपाई करावी. तिच्याबद्दल सावध करते. मॅलोनी, बायलॉक या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठात मदत करत, त्यांची मुले त्या वर्षात गणित कमी शिकली आणि वर्षाअखेरीस त्या मुलांची स्वतःची धास्तीही वाढली. तशीच धास्ती असलेले पण क्वचितच मदतीला बसणारे पालक होते, त्यांच्या मुलांत हा परिणाम दिसला नाही. वर्गात येणाऱ्या पालकाच्या शेजारी निदान शिक्षिका असते आणि तिला पाहून प्रश्न कसा विचारायचा हे शिकता येते. घरी रात्री नऊ वाजता, दमलेल्या आईबापांना ते कोण शिकवणार?

ताई, शाळा पाहायला जाल तेव्हा सजवलेल्या भिंतींपेक्षा दुसरीच्या दोन मुलांच्या वह्या मागून पाहा: कृतीनंतर चित्र आणि चित्रानंतर अंक असा क्रम त्यांत दिसतो का, आणि शिक्षिकेने काय लिहिले आहे. नव्या पालकांना वर्गात पाठवण्यापूर्वी किती तास शिकवतात आणि ते कोण शिकवते, हे विचारा. ‘या, सगळे आपोआप जमेल’ असे उत्तर आले तर दुसरी शाळा शोधा. वाचनात मागे पडलेल्या मुलासाठी काय करतात, आणि ते मूल मागे पडले आहे हे कोणत्या महिन्यात लक्षात येते, हेही विचारा, कारण गुण नसलेल्या शाळेत ही गोष्ट दुसरी संपेपर्यंत झाकली जाऊ शकते. आणि शिक्षिका रजेवर असते त्या दिवशी वर्ग कोण चालवते, हे अवश्य विचारा. आमच्या शाळेत बदली शिक्षिका येते आणि पालक नेहमीप्रमाणे आपापल्या गटाशी बसतात. त्या दिवशी वर्ग पालकांच्या हाती सोपवणाऱ्या शाळाही आहेत, आणि तिथे मी माझे मूल घातले नसते.

आपली नम्र