मदत हवी आहे: शिबिराला एकच मुलगा पाठवायचा आहे, उपजत गुणाचा की मेहनती?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. संध्याकाळी गायरानावर पोरांना फुटबॉल खेळवतो. स्वतः कॉलेजपर्यंत खेळलो, प्रशिक्षणाचा कोर्स मात्र केलेला नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत चेंडू रुततो, दिवाळीनंतर निम्मी पोरं कापूस वेचायला जातात. उरलेल्या दिवसांत होईल तेवढं करतो.

ओळखीच्या एका प्रशिक्षकांनी उन्हाळी शिबिरासाठी आमच्या गावातून एक मुलगा मागितलाय. माझ्याकडे दोन आहेत, दोघंही आठवीतले.

एक उंच, आवाज फुटलेला, मिसरूड आलेलं. त्यानं चेंडू पुढे ढकलला की कोणी त्याला गाठत नाही. पारावरची मंडळी म्हणतात, "गुरुजी, या पोट्ट्याच्या रक्तातच खेळ हाय." पण दिवाळीपासून आठवड्यातून तीन दिवस तो सरावाला दांडी मारतो.

दुसरा त्याच्या खांद्याला लागतो. शेळ्या सोडायच्या आधी शाळेच्या भिंतीवर चेंडू मारत असतो. मागच्या पावसाळ्यात डावा पाय नुसता टेकायला होता, आता पेनल्टी डाव्यानं मारतो. धक्का लागला की पडतो, त्यामुळे गावच्या मॅचमध्ये त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पण चेंडू येण्याआधी तो मान वळवून मागं कोण आहे ते बघून घेतो. हे मी त्याला शिकवलेलं नाही. मग उपजत गुण नेमका कोणाकडे आहे?

फॉर्म भरताना जन्मदाखले काढले. माझ्या पिढीत अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून असायची, या दोघांच्या खऱ्या आहेत. वर्ष एकच, पण उंच मुलगा जानेवारीचा आणि लहान नोव्हेंबरचा. युरोपातल्या फुटबॉल अकादम्यांतही वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, कारण त्या वयात दहा महिन्यांचा फरक अंगावर दिसतो. क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला अंगानं किरकोळ म्हणून तिथल्याच हायडुक स्प्लिट क्लबनं घेतलं नव्हतं. जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला देतात तो बॅलन डी'ओर पुरस्कार २०१८ मध्ये त्याला मिळाला. फ्रान्सचा एन्गोलो कांते २०१३ पर्यंत तिथल्या तिसऱ्या स्तरावरच्या लीगमध्ये खेळत होता, पाच वर्षांनी विश्वविजेता झाला. तरी प्रत्येक लहान चणीचा मुलगा मॉड्रिच होत नाही, हे मला कळतं. नुसती दया येऊन त्याला पाठवलं तर दुसऱ्यावर अन्याय होईल.

या दोघांना सारख्या मापानं कसं पारखू? आणि बाकीची पोरं उंचीनं बरोबरीला आली की पहिल्याचं काय होईल, त्याच्याकडून आत्ताच काय करून घेऊ? ज्यांनी मुलं घडवली आहेत त्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद (अमरावतीहून)

गुरुजी, शंभर मीटर पळवून पारखू नका, त्यात अंगच जिंकतं. उंच मुलाला दहावीच्या पोरांत खेळवा आणि लहान्याला त्याच्या उंचीच्या सहावी-सातवीच्या पोरांत. मैदान आखूड ठेवा, चारास चार, चेंडूला दोनच स्पर्श. अंगाचा फायदा निघून गेला की डोकं दिसतं. चेंडू हातचा गेल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांत कोण काय करतं, एवढं टिपून ठेवा.

आणि एक विचारतो. उंच मुलगा दिवाळीपासूनच दांडी मारतोय, तो याच वर्षी झपाट्यानं वाढला का? या वयात हाड लवकर वाढतं आणि गुडघ्याच्या वाटीखाली स्नायू ओढला जातो. तिथं टेंगूळ येतं, दाबलं की दुखतं. तसं असेल तर पळणं-उड्या कमी करा, बर्फानं शेका आणि डॉक्टरला दाखवा. आळशी म्हणण्याआधी त्याचा गुडघा बघा.

धागा सुरू करणारा

सर, आज मधल्या सुट्टीत त्याला बसवून गुडघा दाबून पाहिला. कळवळला. दोन्ही पायांना टेंगूळ आहे. "सांगितलं असतं तर तुम्ही टीममधून काढलं असतं," म्हणाला. आठवीच्या वर्गासमोर मी त्याला दोनदा कामचुकार म्हटलंय. उद्या त्याच वर्गासमोर माझी चूक सांगणार आहे, आणि सोमवारी त्याला घेऊन यवतमाळला हाडांच्या डॉक्टरकडे जातोय.

लहान्याला शनिवारी सहावीच्या पोरांत खेळवतो. उंच मुलाची पारख तो बरा होईपर्यंत थांबवावी लागेल. शिबिराला नाव कळवायची मुदत वाढवून मागितली आहे. डॉक्टर काय म्हणतात ते इथं लिहीन.