मदत हवी आहे: सामना वेळेच्या आधीच सुरू होतो

चिंचवडकर (मंगळवार, 11 मार्च 2025, रात्री 10:40)

फार वैतागलोय म्हणून थेट विचारतो. नोव्हेंबरपासून लेकीबरोबर सकाळी सामने बघतोय. सगळं सुरळीत चाललं होतं. या आठवड्यात मात्र टीव्ही लावावा तर निम्मा खेळ उरकलेला. आज साडेसहाला लावला तर मध्यंतर चालू! अॅप काढून परत टाकलं, राउटर बंद-चालू केला, काही फरक नाही. गुरुवारी सकाळी परत सामना आहे, त्याच्या आत कुणी उपाय सांगितला तर उपकार होतील.

ढोल्या (10:52)

कोणता सामना? चॅम्पियन्स ट्रॉफी तर रविवारीच जिंकलो की. तुम्ही अजून कोणती बघताय?

चिंचवडकर (10:55)

क्रिकेट नाही हो. बास्केटबॉल.

शंकासुर (11:03)

शहर कोणतं, लीग कोणती, अॅप कोणतं, टीव्ही कोणता? एवढं तरी लिहा. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणून कसं चालेल?

चिंचवडकर (11:10)

एनबीए, अमेरिकेतली बास्केटबॉल लीग. आमची टीम टेक्सासमधली सॅन अँटोनियो स्पर्स, लेकीमुळे. ती आठवीत आहे, शाळेच्या संघात खेळते, खोलीत स्पर्सच्या वेम्बान्यामाचं भलंमोठं पोस्टर आहे. सामना बघायला बसलो की निदान पहिले दोन क्वार्टर (म्हणजे निम्मा सामना) बघून ती शाळेच्या बसला पळते. तेवढाच आमचा दिवसातला निवांत वेळ.

शंकासुर (11:12)

अॅप?

योगसाधक (11:20)

मुलगी बास्केटबॉल खेळते हे वाचून आनंद झाला. रोज सकाळी बारला तीस सेकंद लटकायला सांगा, दहा वेळा. ताडासन आणि सूर्यनमस्कारही. आठवीत असल्याने अजून वेळ हातात आहे. माझा पुतण्या चांगला उंच झाला.

ढोल्या (11:24)

योगसाधक, पुतण्याचे आईवडील किती उंच आहेत?

योगसाधक (11:31)

वडील 6 फूट आहेत. पण मुद्दा तो नाही.

खडूसकाकू (बुधवार, सकाळी 6:15)

आठवीतल्या मुलीला रोज साडेसहाला टीव्हीसमोर बसवायचं, तेही परीक्षा तोंडावर असताना? आमच्या वेळी साडेसहाला पाढे असायचे. अॅप बिघडलं तर देवानेच वाचवलं समजा.

चिंचवडकर (6:50)

काकू, रोज नाही हो, आठवड्यातून तीन-चारदा. आणि साडेसहाला उठतेच ती. झोपेचं म्हणाल तर या आठवड्यात बसमधल्या मावशींनी सांगितलं खरं, की ती बसल्या बसल्या झोपते म्हणून. परीक्षेचा ताण असेल. असो, मुद्दा सामन्याचा आहे.

राजारामपुरी_9 (7:20)

भावा, एक साधा प्रश्न. सामना किती वाजता सुरू होतो हे तुला सांगतं कोण? अॅपच्या यादीतली वेळ बघतोस की दुसरीकडची?

चिंचवडकर (7:34)

फ्रिजवर वेळापत्रक लावलंय. दिवाळी झाल्यावर मी स्वतः एक्सेलमध्ये बनवलं, एप्रिलपर्यंतचं. तिकडच्या वेळेत साडेअकरा तास मिळवायचे. संध्याकाळी 7 चा सामना म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 6:30. चार महिने एकदाही चुकलं नाही.

राजारामपुरी_9 (7:38)

सापडला चोर. अॅप नाही, फ्रिज बिघडलाय :)

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढं करतात. यंदा ती तारीख 9 मार्च. टेक्सासशी आपला फरक साडेअकराचा साडेदहा झाला. त्यांचे संध्याकाळचे 7 म्हणजे आता आपले पहाटेचे 5:30. तू साडेसहाला लावतोस तेव्हा सामना तासभर पळून झालेला असतो, म्हणजे बरोब्बर मध्यंतर.

तू दिवाळीनंतर सुरुवात केलीस म्हणून तुला कळलं नाही. त्यांनी घड्याळं मागं केली 3 नोव्हेंबरला. ऑक्टोबरात सीझन सुरू झाला तेव्हा फरक साडेदहाचाच होता, ते दोन आठवडे तुझ्या एक्सेलमध्ये आलेच नाहीत.

चिंचवडकर (7:45)

अरे देवा. म्हणजे बाकीच्या सगळ्या ओळी चुकीच्या?

हॅम्बुर्गची_माई (दुपारी 1:05)

सगळ्या नाहीत. अॅरिझोनात घड्याळं बदलत नाहीत. त्यामुळे फिनिक्सला त्यांच्या 7 चा सामना असेल तर तो आपल्या भारतात वर्षभर सकाळी 7:30 लाच. मुलगी तोवर शाळेत असेल, पण ती ओळ खोडू नका.

आमच्या युरोपातली गंमत आणखी वेगळी. आम्ही घड्याळं 30 मार्चला बदलणार. मधले तीन आठवडे न्यूयॉर्क आमच्यापासून सहाऐवजी पाचच तासांवर. रात्री एकचा सामना बारालाच सुरू होतो. वर्षातले हेच तीन आठवडे मी शहाण्या माणसासारखी झोपते.

डॅलसवासी (4:40)

टेक्सासमधून नमस्कार, इकडे पहाट आहे. वेळेचा प्रश्न सुटलाय, पण स्पर्स बघून करताय काय? वेम्बान्यामा तर गेला. उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी निघाली, 20 फेब्रुवारीला जाहीर झालं, सीझन संपला त्याचा. संघ पश्चिम गटात पहिल्या दहातसुद्धा नाही.

अर्थात मी बोलू नये. आमच्या डॅलसच्या संघाने फेब्रुवारीच्या सुरुवातीला लुका डाँचिच लेकर्स संघाला देऊन टाकला. 25 वर्षांचा पोरगा, गेल्याच वर्षी फायनलला नेलं होतं त्याने. बदल्यात अँथनी डेव्हिस, तो पहिल्याच सामन्यात जखमी. वर 3 मार्चला कायरी अर्विंगचा गुडघा गेला. माझ्या घरात लुकाची जर्सी घडी घालून कपाटात आहे आणि बायको विचारते, हिचं काय करायचं?

ढोल्या (4:52)

पोतेऱ्याला घ्या. हलकेच घ्या.

नागपुरी_संत्रं (5:10)

डॅलसवासी, वेम्बी नाही तर बघायचं नाही, हे काय लॉजिक आहे बाप्पा? स्टेफॉन कॅसल आहे ना. मागच्या ड्राफ्टमधला (संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) चौथा. ऑल-स्टारच्या (निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यांच्या) आठवड्यात नवोदितांच्या रायझिंग स्टार्समध्ये सर्वोत्तम खेळाडू झाला, डंक स्पर्धेत मॅक मॅकलंगच्या मागे दुसरा आला. नवख्यांमधला सगळ्यात पूर्ण खेळाडू आहे. ताकद लावून रिंगकडे घुसतो, समोरच्या संघाच्या मुख्य गार्डला (चेंडू खेळवणाऱ्याला) स्वतः अडवतो. तीन पॉइंटर पडत नाहीत हे मान्य. पण आठवीतल्या पोरीला शिकायला कॅसलच चांगला. वेम्बीकडून काय शिकणार? 7 फुटांच्या वर कसं वाढायचं ते?

योगसाधक (5:14)

त्यासाठीच लटकायचं.

राजारामपुरी_9 (5:30)

कॅसल बरा आहे, पण पहिला क्रमांक होता झाकारी रिसाशे. अटलांटा. सलग दुसऱ्या वर्षी फ्रेंच पोरगा पहिला, 2023 ला वेम्बी, 2024 ला हा. त्यात दुसरा अॅलेक्स सार, तोही फ्रेंच. वर्षातला सर्वोत्तम नवखा म्हणून माझं मत रिसाशेला.

नागपुरी_संत्रं (5:41)

पहिला निवडला म्हणून रूकी ऑफ द इयर? मग निवडणूकच कशाला घेता, ड्राफ्टच्या रात्रीच देऊन टाका ना! मेम्फिसचा जेलन वेल्स 39 वा निवडला होता आणि रोज सुरुवातीच्या पाचात खेळून राहिलाय. त्याचं नाव घ्या, मी ऐकून घेतो.

शंकासुर (6:02)

"नवखा" म्हणजे कोण, हा मुळातला घोळ. चेट होल्मग्रेन 2022 ला दुसरा निवडला, पायाच्या दुखापतीने अख्खं वर्ष बाहेर. बाकावर बसून पगार घेतला, संघाबरोबर सराव केला, आणि पुढच्या वर्षी 82 च्या 82 सामने खेळला तो "रूकी" म्हणून. बेन सिमन्सचंही तेच, त्याला तर बक्षीसही मिळालं. पहिल्या वर्षी नापास होऊन दुसऱ्या वर्षी वर्गात पहिला येण्यासारखं आहे हे.

नागपुरी_संत्रं (6:09)

नापास कुठे, परीक्षेलाच बसला नव्हता. एकही सामना खेळला नाही म्हणजे नवखाच. आणि वेम्बीने त्याच वर्षी चेटला मागे टाकून एकमताने बक्षीस नेलं, त्यामुळे तुमचा अन्याय झालाच नाही.

चिंचवडकर (7:15)

सगळ्यांचे आभार. कॅसल लेकीला आवडतोच. पण एक विचारायचं राहिलं. माझी आणि लेकीची पैज आहे, वेम्बान्यामाला यंदा सर्वोत्तम बचावपटूचं बक्षीस मिळणार, मी "हो" म्हणालो होतो. पैज आंबा आइस्क्रीमच्या अख्ख्या डब्याची आहे. ब्लॉकमध्ये (समोरच्याचे फटके अडवण्यात) तो सगळ्यांच्या पुढे आहे, आता बाहेर बसला तरी मिळेल ना?

राजारामपुरी_9 (7:22)

डबा घेऊन ठेव. 2023-24 पासून नियम आहे, किमान 65 सामने खेळल्याशिवाय त्या बक्षिसाला नाव पात्र नाही. तो 46 वर थांबला. सरासरी किती का असेना. आता इव्हान मोबली, डायसन डॅनियल्स, ड्रेमंड ग्रीन यांच्यात चाललंय.

शंकासुर (7:30)

नियम मोठ्या खेळाडूंना "आज विश्रांती" म्हणून बसवायचे ते थांबावं म्हणून आणला. रक्ताच्या गुठळीची शिक्षा म्हणून नाही. पण नियमाला डोळे नसतात. जाता जाता, रूकीच्या बक्षिसाला ही 65 ची अट नाही. म्हणजे तुमचे वरचे सगळे वाद चालू ठेवायला हरकत नाही.

खडूसकाकू (8:05)

आंबा आइस्क्रीमचा डबा मार्चमध्ये? तो इसेन्सचा असतो. मे महिन्यापर्यंत थांबा, हापूस स्वस्त झाला की घरी करा. कृती हवी असेल तर सांगते.

डॅलसवासी (8:20)

काकू कृती द्या. इकडे कॅनमधल्या गरावर दिवस काढतोय.

ढोल्या (8:31)

अवांतर: एनबीएतल्या सॅक्रामेंटो संघाचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले. मी ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो विरुद्ध इंडियाना बघितला आहे, प्रत्यक्ष. 4 आणि 5 तारखेला दोन सामने झाले, दोन्ही इंडियानाने जिंकले. यजमान मालक आपला माणूस, आणि हरला तो. तेव्हापासून मी सॅक्रामेंटोचा. दुःखाची सवय असलेली माणसंच तो संघ धरतात.

हॅम्बुर्गची_माई (9:10)

मूळ प्रश्नाकडे येऊ का? चिंचवडकर, एक्सेलमध्ये तास मिळवायचे धंदे सोडा. फोनच्या कॅलेंडरमध्ये सामना त्या शहराचा टाइमझोन लावून टाका. घड्याळ बदललं की वेळ आपोआप सरकते.

राजारामपुरी_9 (9:16)

मी म्हणतो थेट बघूच नका. संध्याकाळी रेकॉर्डिंग बघा. लीग पासमध्ये (एनबीएच्या स्ट्रीमिंग सेवेत) स्कोअर लपवायची सोय आहे, छोटा केलेला सामनाही असतो. झोपही वाचते. 13 एप्रिलला साखळी संपते, स्पर्सचे फार सामने उरलेले नाहीत, त्यासाठी पहाटे साडेपाच कशाला?

नागपुरी_संत्रं (9:25)

रेकॉर्डिंग म्हणजे शिळी पोळी. वर्गात कुणीतरी स्कोअर बोलतोच. थेट ते थेट.

राजारामपुरी_9 (9:28)

शिळ्या पोळीचा कुस्करा खाऊन बघ एकदा, ताजी विसरशील.

डॅलसवासी (9:40)

मी तर म्हणतो स्पर्सनी उरलेले सगळे हरावेत. प्लेऑफबाहेरच्या (बाद फेरीत न पोचलेल्या) 14 संघांची ड्राफ्टसाठी लॉटरी असते, तळाच्या तिघांना पहिल्या निवडीची प्रत्येकी 14 टक्के संधी. यंदा ड्यूकचा कूपर फ्लॅग येतोय. वेम्बी आणि फ्लॅग एका संघात, विचार करा.

नागपुरी_संत्रं (9:44)

पोरीला पहाटे उठवून मुद्दाम हरणं दाखवायचं? लाज वाटू द्या.

चिंचवडकर (गुरुवार, 13 मार्च, सकाळी 6:40)

झालं ते सांगतो. काल रात्री लेकीला काही बोललो नाही. म्हटलं 5:20 ला उठून आधी टीव्ही लावू, मग तिला उठवू. उठलो तर दिवाणखान्यात उजेड. बाईसाहेब गोधडी घेऊन, आवाज बंद करून, सामना सुरू व्हायची वाट बघत बसलेल्या. समोर दुधाचा रिकामा ग्लास.

तिला रविवारीच माहीत होतं. शाळेच्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं म्हणे. मला का नाही सांगितलंस, तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात की साडेपाच फार लवकर आहे, परीक्षा झाल्यावर बघू." मंगळवारी तिने पहिला हाफ एकटीने बघितला, साडेसहाला मी आल्यावर नुकतीच उठल्यासारखी डोळे चोळत बाहेर आली, आणि मला म्हणाली, "अरे, सुरू पण झाला?"

बसमध्ये का झोपत होती ते कळलं.

आज दोघांनी पहिला हाफ मिळून बघितला. आता ती आंघोळीला गेली आहे. आजपासून पैजेत बदल: हरलो मी, पण फसवलं तिने, म्हणून डबा अर्धा-अर्धा. तिला हे मान्य नाही.

खडूसकाकू (7:02)

मुलगी हुशार आहे. आज होळी, पुरणपोळी खाऊन दुपारी झोपू द्या तिला. उद्या धुळवडीची सुट्टी आहेच.

योगसाधक (7:10)

पहाटे उठतेच आहे तर लटकायला उत्तम वेळ.

शंकासुर (7:31)

अॅप कोणतं ते शेवटपर्यंत सांगितलंच नाहीत.