सलीहोत मराठीत म्हणाव्यात का?

मूळ धागा (ठाणे)
ज्यू पंचांगातला एलूल महिना लागला की पहाटेच्या सलीहोत, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना, सुरू होतात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, सेफार्दी (स्पेनकडून आलेल्या) रीतीचे, म्हणून शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन) आणि रोश हशाना (नववर्ष) सोडून थेट किप्पूरपर्यंत, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत, रोज. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातल्या रीतीची, मंडळी रोश हशानाच्या थोडेच दिवस आधी सुरू करतात.

माझं स्पष्ट मत आहे की निदान विदुई, म्हणजे पापांची कबुली, मराठीत व्हायला हवी. परवा माझ्या शेजारी एक कॉलेजातला मुलगा उभा होता. ‘आशाम्नू, बागाद्नू, गाझाल्नू’ म्हणताना प्रत्येक शब्दाला उजवी मूठ छातीवर अगदी बरोबर पडत होती. बाहेर आल्यावर विचारलं, गाझाल्नू म्हणजे काय रे? त्याला माहीत नव्हतं. ‘आम्ही लुबाडलं’ असं सांगितलं, तेव्हा चपला घालता घालता थांबलाच तो. कशाची कबुली देतोय हेच कळत नसेल, तर ती कबुली कशी? मिश्ना या आपल्या जुन्या नियमग्रंथाच्या सोटा नावाच्या भागात प्रार्थना कोणत्याही भाषेत चालते असं सांगितलंय. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी १९व्या शतकात इतकी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली, ती कपाटात ठेवण्यासाठी नव्हे.

प्रतिसाद १ (अश्दोद)
काका, तळमळ समजते, पण पटत नाही. सलीहोतमधली ‘अदोन हस्सलीहोत’ ही प्रार्थना आलेफपासून तावपर्यंत, म्हणजे हिब्रूच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने चालते आणि मध्ये मध्ये सगळे मिळून ‘हातानू लेफानेखा, राहेम आलेनू’ म्हणतात. ‘आम्ही तुझ्यासमोर पाप केलं, आमच्यावर दया कर.’ मराठीत अर्थ येईल, पण अक्षरांची माळ तुटेल. विदुईचंही तेच आहे, तीसुद्धा वर्णक्रमानेच रचलेली आहे. आणि इथे इस्राएलमध्ये माझ्या नातवंडांना मराठी येत नाही. उद्या ती ठाण्याला आली तर तुमच्या शेजारी उभं राहून काय म्हणतील? हिब्रू आहे म्हणून तर आपण एका ओळीत उभे राहतो. त्या मुलाला शब्द शिकवा, पण प्रार्थना बदलू नका.

प्रतिसाद २ (पुणे)
भाषेचा वाद नंतर घालू. आधी पहाटे दहा पुरुष कुठून आणायचे ते सांगा. मिन्यान, म्हणजे हे दहा जण, नसेल तर देवाच्या दयेचे तेरा गुण (बायबलमधलं निर्गम ३४:६-७) प्रार्थना म्हणून म्हणता येत नाहीत, फार तर तोरा (धर्मशास्त्र) वाचायच्या चालीवर वाचता येतात. अरामी भाषेतले तुकडेही गाळावे लागतात. तालमूदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी (धर्मगुरू) योहानान सांगतात की देवाने स्वतः प्रार्थना चालवणाऱ्यासारखी शाल पांघरून मोशेला हा क्रम दाखवला. सलीहोतचा गाभा तोच, आणि आम्ही नऊ जण दाराकडे बघत बसतो. मोबाईलवर एकमेकांना जोडून दहा मोजायचे, असं काही जण सुचवतात. मला ते मुळीच मान्य नाही. दहा जण एका जागी हवेत.

प्रतिसाद ३ (मुंबई)
दादा, त्या दहांत आम्ही बायका मोजल्याच जात नाही. १७९६ साली मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, उभं राहिलं, त्याचं नाव शआर हारहमीम, दयेचं दार. त्या दारातून आम्हीही आत जातो, पण मोजणीच्या वेळी नसतो.

माझी आई एलूलमध्ये पहाटे स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची. चहाचं आधण ठेवून, पाठीमागचा पुठ्ठा सुटलेलं मराठी पुस्तक मांडीवर घेऊन, बोट ओळीवरून सरकवत वाचायची. मिश्नाच्या योमा या भागात आहे की माणसाने माणसाचं वाईट केलं असेल तर त्याची समजूत काढल्याशिवाय किप्पूरही ते धूत नाही. दारफळणीच्या सणाच्या, म्हणजे किप्पूरच्या, आदल्या दिवशी आई आत्याकडे गेली. दोघींत वर्षभर अबोला होता. उंबऱ्यातच म्हणाली, ‘वन्सं, चुकलं माझं.’ आत्याने तिचा हात धरून आत नेलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. माझ्यासाठी विदुई म्हणजे ते तीन शब्द.

मूळ धागाकर्ता
ताई, हेच मला म्हणायचं होतं. अश्दोदकर, ‘अदोन हस्सलीहोत’ तुमची, हिब्रूतच राहू दे. विदुईचा मात्र हट्ट सोडत नाही.

प्रतिसाद १ (अश्दोद)
मग आधी हिब्रूत म्हणा आणि लगेच मराठीत. हिब्रू गाळून नको. एवढ्यावर मी तयार आहे, काका.