प्रति: चेसिस नंबरमधला 'ओ'
चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख नंबर; त्याच्या दहाव्या अक्षरावरून गाडी कोणत्या वर्षाची ते काढायचं, हे आधी कुणीतरी लिहिलंय, ते ठीक. पण 'एच' म्हणजे २०१७ आणि लगेच 'जे' म्हणजे २०१८, मधला 'आय' कुठे गेला म्हणून गोंधळू नका. या सतरा अक्षरी नंबरात आय, ओ, क्यू वापरतच नाहीत; एक आणि शून्याशी घोळ होतो.

मला हे कळव्यात सेकंडहँड बाइक घेतल्यावर कळलं. एजंटने विम्याच्या पॉलिसीत चेसिस नंबर लिहिताना शून्याच्या जागी 'ओ' ठोकला होता (आणि वर मलाच शहाणपण शिकवत होता!). नंबर जुळेना, म्हणून एमएच-०४ ची (ठाण्याची) गाडी नावावर करताना दोन खेपा फुकट. शेवटी हँडलखाली मानेवर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, तो छापा त्या एजंटपुढे ठेवला. गोल दिसतंय ते शून्यच, दुसरं काही असूच शकत नाही.