टेम्परेचर गन : बसबारवर एकाच ठिकाणी ७६ आणि ४१, खरं कुठलं?

मेंटेनन्स_सांगली: ४१५ व्होल्टचं एलटी (लो टेन्शन) पॅनेल, तांब्याचे ५० × १० मिमीचे बसबार (करंट वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्या). लोड चालू असताना इनकमरजवळच्या (पॅनेलला वीज येते तो मुख्य स्विच) वाय फेजच्या जॉइंटपाशी गनने, म्हणजे न टेकवता दुरून तापमान दाखवणाऱ्या इन्फ्रारेड गनने, मोजतोय. बारवर जिथे स्लीव्ह (इन्सुलेशनचं प्लॅस्टिक आवरण) आहे तिथे ७६ अंश येतात, आणि दोन इंचांवर उघड्या तांब्यावर ४१. पॅनेल रूम ३५ अंश. गन १२:१ ची (अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या स्पॉटची रुंदी यांचं प्रमाण), एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती चांगली बाहेर टाकतो तो ० ते १ मधला आकडा) ०.९५ वर फिक्स, बदलता येत नाही. साधारण १ मीटरवरून मोजतो. गन बिघडली आहे का?

उष्णमापक: गन ठीक आहे साहेब, ७६ च्या बाजूने धरा. चकचकीत तांब्याची एमिसिव्हिटी जेमतेम ०.०५ ते ०.१ असते. म्हणजे गनपर्यंत येणारे बहुतेक उष्णतेचे किरण तांब्याचे नसून भिंत, दरवाजा आणि तुमचे स्वतःचे, तांब्यावरून परावर्तित झालेले. बार खरोखर ८० अंशांवर, खोली ३५ वर आणि एमिसिव्हिटी ०.१ धरून गणित केलं तर ०.९५ वर लावलेली गन ४१ च्या आसपासच दाखवते. तुमचा आकडा तोच आहे. स्लीव्ह ०.९ च्या वर असते म्हणून ती खरं बोलते. आतला तांबा तिच्यापेक्षा थोडा जास्तच गरम असणार. म्हणून तो जॉइंट ४१ समजून सोडून देऊ नका.

कोल्हापूरकर_इलेक्ट्रिकल: मग एमिसिव्हिटी बदलता येणारी गन घेऊन ०.१ लावली तर?

उष्णमापक: नाही भाऊ, तो मार्ग धरू नका. एवढ्या खालच्या सेटिंगला ०.०५ चा फरकसुद्धा आकडा कुठल्या कुठे नेतो, आणि तांबं काळवंडलं की एमिसिव्हिटी पार ०.६ च्या वरही जाते. पृष्ठभागच बदला. पुढच्या शटडाऊनला पॅनेल आयसोलेट करून, डेड आहे (वीज उरलेली नाही) हे तपासून आणि अर्थिंग करून, जॉइंटच्या शेजारी बारवर साधी इन्सुलेशन टेप लावा. टेप १८-१९ मिमी रुंद असते, म्हणून शेजारीशेजारी तीन पट्ट्या. खाली हवेचा फुगा राहू देऊ नका. दोन बार जिथे एकमेकांवर दाबले जातात त्या फटीत टेप मुळीच जाता कामा नये. साधी पीव्हीसी टेप ८० अंशांच्या पुढे टिकत नाही, गोंद वाहतो. त्याहून गरम जागी उष्णतारोधक मॅट रंग. रंग काळाच हवा असं नाही. गन बघते त्या ८ ते १४ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडमध्ये पांढराही ०.९ च्या आसपास असतो. चंदेरी ॲल्युमिनियम रंग मात्र नको.

पॅनेलवाली_नाशिक: टेप लावली तरी अंतराचा घोळ राहतोच. १२:१ म्हणजे १ मीटरवर ८ सेंटीमीटरचा स्पॉट, आणि तुमचा बार ५ सेंटीमीटरचा. मागची शीट आणि शेजारचा फेज दोन्ही सरासरीत येतात. लेझरचा ठिपका म्हणजे स्पॉट नव्हे, तो फक्त दिशा दाखवतो. वस्तू स्पॉटच्या दुप्पट असावी, म्हणजे या बारला २.५ सेंटीमीटरचा स्पॉट, ३० सेंटीमीटरवरून. चालू पॅनेलमध्ये इतक्या जवळ जाऊ नका. ५०:१ ची गन घ्या, ती १ मीटरवर २ सेंटीमीटर बघते. काच किंवा ॲक्रिलिकच्या खिडकीतून मोजलंत तर खिडकीचंच तापमान येईल.

आणखी एक. तिन्ही फेजचे अँपिअर शेजारी लिहा. तापवाढ साधारण करंटच्या वर्गाने बदलते, त्यामुळे निम्म्या लोडला ती पाव होते आणि ढिला जॉइंट लपतो. आर आणि बी फेज तेवढ्याच लोडला ५५ वर आणि वाय ७६ वर असेल तर शटडाऊनमध्ये टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) तिथे पहिला लावा.

मेंटेनन्स_सांगली: टेप लावून तिन्ही फेज मोजतो. गनची तपासणी उकळत्या पाण्यावर केली तर चालेल?

उष्णमापक: नको, वाफ लेन्सवर धरते. थर्मासमध्ये बारीक चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी ढवळा, वरून सरळ, जवळून मोजा. शून्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे यायला हवं. एसी केबिनमधून गन आणली असेल तर आधी अर्धा तास पॅनेल रूममध्ये ठेवा.