सोलापुरातून सौरवादळांचा अंदाज: नववीच्या वर्गासाठी कितपत उपयोगी?

प्रश्न (विज्ञान शिक्षक, सोलापूर):
सूर्यावरील डाग आणि सौरवाऱ्याचा (सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताचा) वेग पाहून नववीच्या मुलांनी पुढील तीन दिवसांचा केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ दाखवणारा ० ते ९ हा आकडा) वर्तवावा, असा उपक्रम घेण्याचा विचार आहे. मे २०२४ च्या महावादळात लडाखमधील हानले येथून तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. आपल्याकडून तसे काही दिसणे शक्य नाही. मग यात मुलांचे मन रमेल का?

उत्तर (भौतिकशास्त्राची प्राध्यापिका):
सर, ध्रुवीय प्रकाशावाचून काही अडत नाही. सूर्याचा अभ्यास करणारे भारताचे आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. तेथून पुढे निघालेल्या सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटर असेल तर तो तासाभरात पृथ्वीपाशी येतो आणि वेग दुप्पट असेल तर हाती जेमतेम अर्धा तास उरतो, हे मुलांनी स्वतः भागाकार करून काढावे. खरी गंमत त्यापुढे आहे. सूर्यातून उफाळून सारख्याच वेगाने आलेल्या दोन सौरढगांपैकी एकामुळे मोठे वादळ होते आणि दुसऱ्यामुळे होत नाही, कारण ढगातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तेव्हाच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी नीट जोडले जाऊन ऊर्जा आत शिरते. ही दिशा ढग यानापाशी पोहोचेपर्यंत खात्रीने कळत नाही, म्हणून तीन दिवस आधीचे अंदाज अनुभवी शास्त्रज्ञांचेही चुकतात. डाग पाहताना दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडावी. दुर्बिणीला कोणीही डोळा लावू नये. आपले ऊन पाहता हे काम सकाळीच उरकलेले बरे.

उत्तर (भूगोल शिक्षक, पंढरपूर):
सौरवादळांचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचतो, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. १८५९ चे महावादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदले गेले. पुढे विजेच्या ट्राममुळे मोजमापात व्यत्यय येऊ नये म्हणून चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला हलवण्यात आले. चुंबकसूचीच्या त्या आलेखांतील घसरण मुलांना दाखवावी.

उत्तर (निवृत्त गणित शिक्षिका, सोलापूर):
गुणांकनाचा विचार आधी करावा. रोज ‘शांत’ असे लिहिणारा विद्यार्थी बहुतेक दिवशी बरोबर ठरेल, मात्र त्याला एकही वादळ सापडणार नाही. म्हणून केपी ५ किंवा त्याहून अधिक असलेले दिवस वेगळे काढून, किती वादळे आधी सांगता आली आणि किती इशारे फुकट गेले, या दोन्हींची नोंद ठेवावी. सूर्याची तीच बाजू सुमारे २७ दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येते, त्यामुळे मागील महिन्याची वही जपून ठेवणाऱ्या मुलांना पुढच्या महिन्यात थोडा फायदा मिळेल, आणि तो त्यांना मिळू द्यावा.