थेरपिस्टनं सांगितलं म्हणून आत्याला दारातनं परत पाठवायचं?

शिवाजीपेठी
परवा इथं एका ताईंनी पोस्ट टाकली होती, थेरपिस्टकडून शिकलेल्या गोष्टी म्हणून. न कळवता आलेल्या पाहुण्याला दार उघडायला तुम्ही बांधील नाही. समोरच्याला वाईट वाटलं तर त्याचं त्यानं बघावं. जी माणसं दमवतात ती आयुष्यातनं वजा करा. खाली बदामांचा पाऊस. तिथंच उत्तर लिहायला बसलो होतो, पण लांबायला लागलं म्हणून हा वेगळा धागा.

माझी आत्या कागलहून कोल्हापूरला आमच्याकडं येते. एसटीत बसल्यावरसुद्धा फोन करत नाही. आली की आधी आईशी भांडते, मग पिशवीतनं भुईमुगाच्या शेंगा काढते. ती गेली की आई दोन दिवस कुरकुर करणार आणि तिसऱ्या दिवशी मलाच म्हणणार, "आक्का पोचल्या का नीट, फोन लाव बघू." असल्या माणसाला वजा करायचं? 2019 च्या पुरात शुक्रवार पेठेत मामाच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा अख्खं बिऱ्हाड कुत्र्यासकट आमच्या दारात उभं होतं. येऊ का म्हणून कुणी विचारलं होतं?

थेरपीला माझा विरोध नाही. पण वन बीएचकेत एकट्या राहणाऱ्याला लिहून दिलेलं औषध आमच्या अख्ख्या वाड्याला पाजू नका.

डबेवाली_राजारामपुरी
पूर रोज येत नाही हो. पाहुणे येतात.

तुमच्या पोस्टमध्ये आत्या आहे, आई आहे, शेंगा आहेत, कुत्रंसुद्धा आहे. स्वयंपाकघर कुठाय? रविवारी साडेअकराला पाच माणसं दारात. सासरे सोप्यातनं ओरडणार, "जेवूनच जायचं, काय ऐकायचो नाही." आत नारळ फोडून, खवून, दूध काढून, गाळून पांढऱ्या रश्श्याला लावायचं कुणी? मटण आणायला गेलेला बाबा दुकानासमोर गप्पा मारत उभा. पहिली पंगत पुरुषांची. आम्ही बसेपर्यंत तांबड्याचं नुसतं पाणी आणि तळाला एक हाड. सोमवारी सकाळी मला नोकरीवर जायचं असतं. त्या पोस्टला मीपण बदाम दिलाय, परत देईन.

कट्टेकरी
मग नवऱ्याला लावा की नारळ खवायला. आत्याचा काय दोष?

डबेवाली_राजारामपुरी
तेच बोलायला समुपदेशकाकडं गेले होते. नवरा आला नाही. "आपल्या घरातलं बाहेर कशाला?" सगळं कट्ट्यावर मित्रांना सांगून झालेलं असतं, ते बाहेर नसतं वाटतं.

खोलीतली_खुर्ची
मी हेच काम करते म्हणून लिहिते. जाणता समुपदेशक पहिल्या भेटीत सल्ला देतच नाही, विचारत बसतो. घरात कोण कोण, पैसा कुणाच्या हातात, मारहाण आहे का, झोप लागते का. मार खाणाऱ्या बाईला "अंतर ठेवा" म्हणणं आणि शेंगावाल्या आत्याच्या भाच्याला म्हणणं, दोन्ही एक कसं होईल? रीलमध्ये ही विचारपूस गळते आणि वाक्य तेवढं उरतं. शिवाजीपेठी, तुमचं निम्मं बरोबर.

पण "वाईट वाटलं तर त्याचं त्यानं बघावं" हे कुणी शिकवलं देव जाणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडं कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवलेली विचारपद्धती सांगते की सगळ्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे, हा हेका सोडा. हेका सोडा म्हणतात, माणूस सोडा म्हणत नाहीत. तिकडचेच मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांची भांडणं तपासली. त्यांचा आकडा असा की 69 टक्के मुद्दे कधी मिटतच नाहीत. टिकणारी जोडपी त्याच मुद्द्यांवर जरा गोडीत भांडतात, एवढंच. "वजा करा" यात कुठं बसतंय?

पाटी_बघून_जावा
"हेच काम करते" म्हणजे नक्की काय ओ? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसतं "कौन्सेलर" लिहायला काय लागतंय? एक पाटी आणि एक सोफा. माझ्या मेव्हण्याला एकांनी चार भेटींनंतर स्फटिकाची माळ घ्यायला लावली, पैसे वेगळे. आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या 2021 च्या कायद्यात समुपदेशक पण घेतलेत म्हणे. पण माळ विकणारे अजून जोरात आहेत.

खोलीतली_खुर्ची
एम.ए., मग दोन वर्षांचं एम.फिल. नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलाय, कुणीही विचारावा. मेव्हण्यांनी विचारला होता?

पाटी_बघून_जावा
त्याची झोप उडालेली होती. तो क्रमांक विचारत बसणार होय?

खोलीतली_खुर्ची
हे मात्र खरं.

जुने_मास्तर
आमच्या काळी तालीम होती, भजनी मंडळ होतं, गंगावेशीत धारोष्ण दूध पीत गप्पा व्हायच्या. मन मोकळं करायला फी नव्हती. आता आत्यानंसुद्धा अपॉइंटमेंट घ्यायची म्हणे.

डबेवाली_राजारामपुरी
तालमीत बायका कुठं बसायच्या मास्तर?

जुने_मास्तर
घाटावर धुणं धुताना काय कमी बोलणी चालायची?

डबेवाली_राजारामपुरी
म्हणजे आम्ही मन पण धुणं बडवता बडवताच मोकळं करायचं. धन्य.

दुधाळीकर
मास्तर, राग मानू नका. माझा धाकटा भाऊ तालमीतलाच. जेवण सुटलं, पहाटे तीनला उठून अंथरुणावर बसून राहायचा. वस्ताद म्हणाले जोर वाढव. मित्र म्हणाले लग्न करून द्या. डॉक्टरचं नाव काढलं की आई रडायची, लोक म्हणतील ह्याला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्यायची वेळ आली. शेवटी सीपीआर या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवला. गोळी लागू पडायला काही आठवडे जातात हे त्यांनी आधीच बजावलं होतं, नाहीतर आम्ही पहिल्याच आठवड्यात बंद केली असती. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेकांना उपचारच मिळत नव्हते. गंगावेशीत रोज किती जण दूध पितात, हिशोब करा. ज्याला पाटीची भीती वाटते त्यानं 14416 लावावा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

जुने_मास्तर
भाऊ आता कसा आहे?

दुधाळीकर
टीम हरली की रेफ्रीला शिव्या घालतोय. म्हणजे बरा आहे.

कट्टेकरी
ते असू दे. फोन करून यायचं का नाही, ते सांगा. सांगून यायला आम्ही काय पुण्याचे?

कोथरूडला_पडलेली
आलात पुण्यावर! माहेर उत्तरेश्वर पेठेत, सासर इथं. इथली आत्तेसासू सांगून येते, म्हणून मला दुपारी पडता येतं. माहेरी वहिनीला पडलेलं मी कधी बघितलं नाही.

कट्टेकरी
आणि जाताना डबा भरून देते का तुमची आत्तेसासू?

कोथरूडला_पडलेली
देत नाही. चहा पण अर्धा कप. तरी दुपारची झोप मला जास्त प्यारी.

शिवाजीपेठी
झोपा निवांत. असल्या विचारानंच वृद्धाश्रम भरायलेत.

डबेवाली_राजारामपुरी
तोंड सांभाळून. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांचे डायपर मी बदलते. त्यांची सख्खी नणंद न सांगता येते, पलंगाशेजारी बसून "खोलीत वास येतोय" म्हणते आणि जेवून जाते. वृद्धाश्रम मला शिकवायचा नाही.

खोलीतली_खुर्ची
शिवाजीपेठी, दमवणारी माणसं म्हणजे कोण, हे आता कळलं का?

शिवाजीपेठी
डबेवाली ताई, ते तुम्हाला उद्देशून नव्हतं. त्या बाईंना दार नाही उघडलं तरी माझं काही म्हणणं नाही, झालं समाधान? पण पोस्टमध्ये तसं कुठं लिहिलं होतं? तिथं माझी आत्या आणि ही बाई एकाच यादीत. आणि फोनचं म्हणाल तर आत्याचा साधा फोन, तोही पिशवीत तळाला. वाजला तरी शेजारच्या बाकड्यावर ऐकू येतोय, तिला नाही.

डबेवाली_राजारामपुरी
मग निदान नारळ तुम्ही खवा.

शिवाजीपेठी
खवतो की. बोटं कापतात जरा.

पाटी_बघून_जावा
त्या 14416 वर माळेची तक्रार घेतात काय?

दुधाळीकर
नाही ओ. त्यासाठी ग्राहक आयोगात जावा, पावती असली तर.

पाटी_बघून_जावा
पावती कुठली, कागदात गुंडाळून दिलेली.